एका हंगामात दोन केसरी

अहिल्यानगर जिल्ह्याने 2025 च्या पहिल्या तीन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी पाहिले. फेब्रुवारीत शहरातल्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ, मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळके. आधी झालेली स्पर्धा 67 वी, नंतरची 66 वी! आकडे चुकलेले नाहीत, संघटना फुटलेली आहे. वाडिया पार्कची स्पर्धा महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाची, कर्जतची जुन्या कुस्तीगीर परिषदेची. संपादकांना हवा होता हंगामाचा आढावा. मी अडकलो पैलवानांच्या खांद्यांपाशी.

हा किताब 1961 साली औरंगाबादला सुरू झाला. पुढचा इतिहास कुठल्याही स्मरणिकेत मिळेल. माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हींचे विजेते शेवटी भिडतात ते गादीवर. मातीतून वर आलेल्या मल्लाने किताबाची कुस्ती परक्या जमिनीवर का खेळावी, हे मला कधी पटलेलं नाही.

हौदातली तांबडी माती हळद, ताक, लिंबू, तेल घालून मुरवतात. तिच्यात पाय रुततो, कुस्ती सावकाश रंगते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण आणि घड्याळ. चितपट मात्र दोन्हीकडे चितपटच, दोन्ही खांदे एकदम जमिनीला लागले पाहिजेत. मातीत हरलेला उठला की लोक आधी त्याची पाठ बघतात. माती तशी सगळ्या अंगाला असते, तरी खांद्यांवरचा ताजा थर जाणत्याला कळतो. गादी मागे काही ठेवत नाही. तिथे रेफरी खाली वाकून खांदा आणि गादी यांच्यातली फट शोधतो, आणि त्याच्या निर्णयाला जज किंवा मॅट चेअरमनची संमती लागते. खांदा बोटभर उचललेला असेल तर कुस्ती चालू. नसेल तर वर्षभराचं दूध, तूप, बदाम वाया.

वाडिया पार्कवर वाद झाला तो याच फटीवरून. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचं पंचांनी जाहीर केलं. राक्षेला ते मान्य नव्हतं. त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. किताबाच्या लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड काही सेकंद उरलेले असताना गुणांवरून चिडून मैदानाबाहेर गेला. मोहोळला गदा आणि थार गाडी मिळाली, राक्षे आणि गायकवाडला तीन वर्षांची बंदी. लाथेचं समर्थन कोणी करू नये. पण पैलवानाची उमेदीची वर्षं असतात किती? त्यातली तीन अशी गेली तर उरतं काय?

त्याच वर्षी जानेवारीत श्रीगोंद्याची भाग्यश्री फंड वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत महिला महाराष्ट्र केसरी झाली. महिलांचा हा किताब सांगलीत सुरू झाला तो 2023 मध्ये, पुरुषांनंतर 62 वर्षांनी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या लेकीने जिंकलेल्या कुस्तीपेक्षा लाथेचीच चर्चा इथे जास्त झाली.

दोन संघटनांत मल्ल वाटले गेले, पंच वाटले गेले, पुढारीही आपापल्या मांडवात बसले. मोहोळ आणि शेळके, दोघांच्याही नावामागे महाराष्ट्र केसरी लागतं. एखाद्या गावच्या यात्रा कमिटीने उद्या या दोघांची जोड लावायची म्हटली, तर इनामाची रक्कम वर्गणीतून उभी राहीलही. दोघांनाही चालेल असा पंच आणायचा कुठून?