गृहशिक्षण आणि वाचनवैकल्य : अभ्यासक्रमाच्या निवडीचा भाषिक विचार

मुलास शाळेत न पाठविता घरीच शिकविणाऱ्या कुटुंबांत ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाचा शालेय शिक्षणाच्या एकूण स्वरूपालाच तात्त्विक विरोध असतो; जॉन होल्ट ह्या अमेरिकन शिक्षणचिंतकाने १९७७ मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकापासून आणि १९८१ मधील त्याच्या ग्रंथापासून ह्या विचाराचा विशेष प्रसार झाला. दुसऱ्या वर्गाला असा कोणताही तात्त्विक आग्रह नसतो. मुलाची शिकण्याची रीत आणि वर्गातील शिकविण्याची रीत ह्यांचा मेळ बसत नाही, दोन-तीन वर्षे सर्व उपाय करून पालक थकतात, आणि अखेरीस घर हीच शाळा होते. ह्या दुसऱ्या वर्गातील पालकांपुढे 'अभ्यासक्रम कोणता घ्यावा' हा प्रश्न तत्काळ उभा राहतो. परीक्षामंडळ, पुस्तके आणि खर्च ह्या अंगांनी त्याची पुष्कळ चर्चा होते. परंतु ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो : मुलाने कोणती लिपी प्रथम शिकावी, आणि कोणत्या क्रमाने? हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेतील आहे, आणि त्याचे उत्तर चुकल्यास पुढील सर्व निवड फसण्याचा संभव असतो.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. २००९ च्या बालशिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर सोपविले. मात्र ते न पाळल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र विकलांगता असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय स्पष्टपणे दिला. वाचनवैकल्य असलेले, परंतु एरवी धडधाकट व चलाख मूल बहुधा ह्या तरतुदीच्या बाहेर राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश विकलांगतांच्या सूचीत केला आहे, हे खरे. पण अशा बालकाच्या गृहशिक्षणाविषयी कायदा मौनच पाळतो.

आता मूळ विषयाकडे वळू. 'डिस्लेक्सिया' ही संज्ञा रूडॉल्फ बर्लिन ह्या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ मध्ये योजिली. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज वैद्याने, बुद्धीने तल्लख पण वाचता न येणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. आरंभीच्या ह्या वैद्यांनी दोष दृष्टीत शोधला; आज तो मुख्यतः ध्वनिविश्लेषणाच्या दुर्बलतेत शोधला जातो. शब्दातील ध्वनी सुटे करणे, त्यांचा क्रम मनात धरणे आणि लिखित चिन्हाशी त्यांची सांगड घालणे ह्यांत अशा मुलास असामान्य श्रम पडतात. ही दुर्बलता कोणत्याही भाषेच्या मुलात असू शकते. ती किती आणि कोणत्या रूपाने प्रकट होईल, हे मात्र पुष्कळ अंशी लिपीवर अवलंबून असते.

सेमूर, आरो आणि एर्स्किन ह्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी व अन्य बारा युरोपीय लेखनपद्धतींची तुलना केली आहे. चिन्ह आणि ध्वनी ह्यांचा संबंध जेथे सरळ आहे, तेथील मुलांच्या तुलनेत इंग्रजी मुलांना वाचनाचा पाया घालण्यास दुपटीहून अधिक काळ लागतो, असा त्याचा निष्कर्ष होता. सरळ लेखनपद्धतीत वाचनवैकल्य नाहीसे होते, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. जर्मनभाषी मुलांवरील विमर ह्याच्या संशोधनातून असे दिसून आले की, तेथे वैकल्य असलेले मूल चुकीचे वाचत नाही. ते संथ वाचते. मराठीच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. आपल्याकडे वाचनाची परीक्षा चुका मोजून घेण्याची रूढी असल्यामुळे, बरोबर पण अतिशय सावकाश वाचणारे मूल 'आळशी' ठरते आणि त्याची अडचण पाचवी-सहावीपर्यंत कोणाच्या ध्यानातच येत नाही.

वायडेल आणि बटरवर्थ ह्यांनी १९९९ मध्ये वर्णिलेले एक उदाहरण तर ह्या चर्चेत मध्यवर्ती मानावे लागेल. जपानात वाढलेल्या, इंग्रजीभाषी आईबापांच्या एका सोळा वर्षांच्या मुलास इंग्रजी वाचनात तीव्र वैकल्य होते. तोच मुलगा जपानी मात्र तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या तोडीने वाचीत असे. एका व्यक्तीच्या उदाहरणावरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही. तथापि एका लिपीतील अपयशावरून दुसऱ्या लिपीतील अपयश गृहीत धरणे चूक आहे, एवढे तरी ते सिद्ध करते.

देवनागरी ही इंग्रजीपेक्षा सरळ आहे, परंतु सोपी आहे असे म्हणवत नाही. तिचे लेखनाचे मूलमान वर्ण नसून अक्षर आहे. व्यंजन आणि मात्रा मिळून एक ठसा होतो. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेहून अधिक रूपे होतात, आणि जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग ह्यांनी कन्नड मुलांच्या बाबतीत २००७ मध्ये दाखविले की, अक्षरांचे ज्ञान पहिल्या दोन वर्षांत पुरे होत नाही. ते चौथ्या इयत्तेपर्यंत वाढतच असते. इंग्रजी सव्वीस अक्षरांच्या हिशेबाने मराठी मुलाकडून वर्षभरात 'वाचन पूर्ण' होण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, ते ह्यासाठी.

ह्याशिवाय लेखनक्रम आणि उच्चारक्रम ह्यांतील विसंगती आहेच. 'कि' ह्या अक्षरात मात्रा व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि उच्चारली जाते नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता ह्यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांच्या बाबतीत दाखविले की, अशी विसंगती असलेले शब्द वाचण्यास अधिक वेळ लागतो. 'सूर्य' मधील रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, पण र् ऐकू येतो य् च्या आधी. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ह्यांतील भेद एका रेघेच्या वळणाचा असला, तरी एकीकडे गुरुजी असतात आणि दुसरीकडे स्वयंपाकी. 'करवत' ह्या शब्दात लिहिताना चार अक्षरे आणि उच्चारताना दोनच अवयव, कर् आणि वत्. 'अ' कोठे लोपतो हे लिपी सांगत नाही. 'च' ह्या एकाच चिन्हाचा 'चार' मध्ये एक उच्चार होतो आणि 'चारा' मध्ये दुसरा. सामान्य मूल हे सर्व कानावरून उचलते. वाचनवैकल्य असलेल्या मुलास ते एकेक करून, ठरवून शिकवावे लागते.

येथे अभ्यासक्रमाच्या निवडीचा पहिला व्यावहारिक मुद्दा उपस्थित होतो. मराठीत आरंभीच्या अक्षरांचा 'ग म भ न' हा क्रम सुपरिचित आहे. आकारसाम्यावर आधारलेला हा क्रम हाताला सोयीचा, कारण एकाच वळणाचा सराव पुढच्या अक्षरास उपयोगी पडतो. परंतु ज्या मुलाचा डोळा 'भ' आणि 'म' ह्यांत गोंधळतो, त्यास ही दोन अक्षरे एकाच आठवड्यात देणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण. घ-ध, ब-व, थ-य, प-ष, ड-ढ ह्या जोड्यांबाबतही हेच. अशा मुलास एक अक्षर पक्के झाल्याखेरीज त्याचा जोडीदार दाखवू नये. चाळीस मुलांच्या वर्गात पुस्तकाचा क्रम मोडता येत नाही. घरी तो मोडता येतो. गृहशिक्षणाचा हा लाभ पुस्तकसंच विकत घेण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ह्याच्या उलट, बाजारात मिळणारे 'फोनिक्स'चे तयार संच विचारपूर्वक घेतले पाहिजेत. ऑर्टन ह्या मज्जाविकारतज्ज्ञाच्या १९२५ नंतरच्या कार्यावर गिलिंगहॅम आणि स्टिलमन ह्या दोन शिक्षिकांनी उभारलेली, कान-डोळा-हात ह्यांना एकाच वेळी राबविणारी क्रमबद्ध पद्धती हे ह्यांपैकी अनेक संचांचे मूळ होय. पद्धतीचे तत्त्व उत्तम आहे. मात्र तिची घडण इंग्रजी वर्णांसाठी झालेली आहे. मराठीस ती लावताना क् + अ + म् अशी फोड आरंभीच करावयास लावणे अक्षरलिपीच्या स्वभावाविरुद्ध जाते. आधी अक्षर, मग मात्राबदल (का, कि, की), मग जोडाक्षरातील व्यंजनाची फोड, हा क्रम अधिक नैसर्गिक ठरतो.

दुसरा मुद्दा घरच्या बोलीचा. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातील मूल 'डोळा' न लिहिता 'डोया' लिहिते, किंवा 'पाणी'च्या जागी 'पानी' लिहिते, तेव्हा ते आपल्या कानाशी प्रामाणिक असते. त्याचे ध्वनिविश्लेषण शाबूत असल्याचाच तो पुरावा आहे. तेच मूल 'पाणी'साठी 'पनी' किंवा 'णीपा' लिहू लागले, तर प्रश्न निराळा. पहिल्या प्रकाराला प्रमाणभाषेचा परिचय पुरतो. दुसऱ्यास उपचारात्मक अध्यापन लागते. हा विवेक न केल्यामुळे बोलीभाषक मुलावर अकारण वैकल्याचा शिक्का बसतो, आणि कित्येकदा खरे वैकल्य 'खेड्यातली भाषा' म्हणून झाकले जाते. दोन्ही परिणाम सारखेच घातक आहेत.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न ह्याहून वेगळ्या जातीचा आहे. १९६२ च्या चौदा आणि १९७२ च्या चार लेखननियमांनी मराठी लेखन पुष्कळ सुटसुटीत केले. तरी 'कवी' दीर्घ आणि 'कविता' ऱ्हस्व, 'मीठ' पण 'मिठाचा', 'फूल' पण 'फुलाला' ही जाण कानापेक्षा स्मरणावरच अधिक अवलंबून राहते. वैकल्य असलेल्या मुलाच्या वहीतील अशा चुका पहिल्या चार-पाच वर्षांत लाल शाईने भरून काढण्यात काहीच अर्थ नाही.

परीक्षेच्या दृष्टीने दोन वाटा प्रमुख आहेत. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या देता येते. तीत भाषाविषयांचा भार मोठा आहे, आणि अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना अधिक वेळ, लेखनिक इत्यादी सवलती आहेत. दुसरी वाट १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेची. तेथे माध्यमिक स्तरावर पाच विषय पुरतात; त्यांत भाषा किमान एक आणि जास्तीत जास्त दोन. पाच वर्षांच्या अवधीत नऊ संधी मिळतात आणि विषय सुटे सुटे देता येतात. संथ वाचणाऱ्या मुलास ही रचना स्वभावतःच मानवते. मराठी माध्यमही तेथे उपलब्ध आहे.

पण एकच भाषा पुरते म्हटल्यावर कोणती सोडावयाची? बहुतेक शहरी कुटुंबे विशेष विचार न करता मराठी सोडतात आणि इंग्रजी ठेवतात. त्यामागील व्यावहारिक कारणे उघड आहेत व ती क्षुल्लकही नाहीत. परंतु वाचनवैकल्याच्या संदर्भात ह्याचा अर्थ असा होतो की, मूल ज्या भाषेत विचार करते आणि जिची लिपी तुलनेने सरळ आहे तीच दूर केली जाते, आणि अधिक वाकडी लेखनपद्धती एकमेव आधार म्हणून हाती दिली जाते. घरात इंग्रजीच बोलली जात असेल तर गोष्ट निराळी. एरवी आधी मराठी वाचन स्थिर करावे, इंग्रजी तोंडी चालू ठेवावी आणि तिचे लेखन-वाचन मागाहून आणावे, हा क्रम अधिक सयुक्तिक होय.

अन्य गरजांच्या मुलांबाबत लिपीचा विचार वेगळी वळणे घेतो. ब्रेल लिपीत स्वर आणि त्याची मात्रा ह्यांना एकच चिन्ह असून ते व्यंजनानंतरच येते. 'कि'ची अडचण अंध मुलास मुळात भेडसावतच नाही. कर्णबधिर मुलाच्या बाबतीत तर प्रथमभाषाच वेगळी असू शकते. २०२१ पासून वरील मुक्त विद्यालयीन संस्थेने भारतीय सांकेतिक भाषा हा माध्यमिक स्तरावरील भाषाविषय म्हणून मान्य केला आहे. बधिर मुलाच्या पालकांपैकी किती जणांना ही सोय ठाऊक असेल, ह्याची शंकाच वाटते.

ह्या सर्व निवडीच्या आधी मुलाची चाचणी योग्य भाषेत झालेली असणे अगत्याचे आहे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीचाही अंतर्भाव आहे. मराठीभाषी मुलाची परीक्षा केवळ इंग्रजीत घेऊन दिलेले प्रमाणपत्र परीक्षामंडळास चालेल. अभ्यासक्रम ठरविण्यास ते अपुरे आहे. दोन्ही भाषांत, आणि अचूकतेबरोबर वेगही मोजून, चाचणी करून घेण्याचा आग्रह पालकांनी धरावा. दोहोंतील अंतर किती, त्यावर पहिले पुस्तक कोणत्या लिपीचे हे ठरते.