लॉग टाकला आणि बग पळाला!

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. तो टचस्क्रीनचा ड्रायव्हर लिहायला शिकतोय. "दादा, मध्येच एखादा टच गायब होतो. कारण शोधायला लॉगच्या चार ओळी टाकल्या, तर सगळं नीट चालायला लागलं. ओळी काढल्या की पुन्हा बोंब! माझं काय चुकतंय?"

तुझं डोकं ठिकाणावर आहे, मित्रा. या प्रकाराला नावसुद्धा आहे: हायझेनबग. बघायला गेलं की लपणारा बग. पण तो का लपतो?

ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला दुभाषी. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा कर्नल असतो आणि ड्रायव्हर त्या कर्नलमध्येच चालतो. अ‍ॅप कोसळलं तर फक्त अ‍ॅप बंद पडतं, ड्रायव्हर कोसळला तर अख्खा फोन रिस्टार्ट होऊ शकतो. तिथे मध्येच थांबून आत डोकावणं अवघड. म्हणून सगळे लॉग टाकतात. लिनक्समध्ये त्यासाठी 'प्रिंटके' नावाचं फंक्शन आहे.

आता गणित बघा. समजा टचस्क्रीन सेकंदाला २४० वेळा माहिती पाठवते आणि आपण दरवेळी ८० अक्षरांची एक ओळ छापतो. डेव्हलपर मंडळी बऱ्याचदा लॉग सीरियल केबलवरून बघतात, तिचा नेहमीचा वेग १,१५,२०० बॉड. या वेगाने एक ओळ जायला साधारण ७ मिलीसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम १४४ ओळी. आपण पाठवतोय २४०! जुन्या पद्धतीत ओळ बाहेर पडेपर्यंत प्रोसेसर तिथेच अडकून राहतो.

या अडकण्यातच आपला बग लपतो. ड्रायव्हरचा एक भाग डेटा लिहितोय, दुसरा त्याच वेळी वाचतोय आणि मध्ये कुलूप नाही, अशी शर्यत असेल तर लॉगमुळे एकाला उशीर होतो आणि दुसऱ्याचं काम तोवर आटोपतं. बग बरा झालेला नसतो, नुसता झाकला जातो. त्यामुळे लॉग टाकल्यावर बग गेला, तर हाच पुरावा समजायचा आणि आधी लॉकिंग तपासायचं.

दुसरी अडचण: लॉग दिसतच नाही. लिनक्समध्ये ० ते ७ असे स्तर आहेत. ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे डीबग. कन्सोलची मर्यादा ७ असेल तर ७ पेक्षा लहान आकड्याचेच संदेश तिथे दिसतात. शिवाय डीबगच्या ओळी बहुतेक वेळा बंदच असतात. २००९ पासून कर्नलमध्ये 'डायनॅमिक डीबग' आहे. त्याने हव्या त्या फाइलच्या, अगदी एखाद्याच ओळीचा लॉग कर्नल चालू असताना सुरू-बंद करता येतो. मात्र कर्नल बनवताना ही सोय घेतलेली हवी.

तिसरी: लॉग वाहून जातो. कर्नलचा लॉग गोल फिरणाऱ्या जागेत साठतो. जागा भरली की जुनं पुसून नवं लिहायचं. ही जागा कित्येकदा १२८ केबी एवढीच असते. आपल्या २४० ओळींच्या हिशेबाने ती सातेक सेकंदांत भरते. फोन सुरू होताना झालेली खरी चूक तोवर गायब!

आणि चौथी, जी तुमच्या-आमच्या खिशाशी जोडलेली आहे. टच ड्रायव्हरने बोट कुठे टेकलं ते आकडे लॉगमध्ये छापले, तर तुमचा यूपीआय पिनही त्यातून वाचता येईल. साध्या अ‍ॅपला अँड्रॉइड कर्नलचा लॉग वाचू देत नाही हे खरं. पण आपण बग रिपोर्ट पाठवतो तेव्हा हा लॉगही सोबत जातो. म्हणून असली ओळ ग्राहकाच्या फोनमध्ये जाताच कामा नये.

मग करायचं काय? वारंवार येणाऱ्या संदेशांना लगाम घाला. कर्नलमध्ये त्यासाठी तयार सोय आहे, तिचा ठरलेला नियम ५ सेकंदांत १० संदेश. वेळेची शर्यत शोधायची असेल तर 'एफट्रेस' वापरा. तो नोंदी मेमरीतच ठेवतो, त्यामुळे खूप कमी वेळ खातो. आणि काम झालं की आपल्या ओळी आठवणीने काढा.

हे फक्त नवशिक्यांचं दुखणं नाही बरं का. लिनक्स रिअल-टाइम करायचं काम जवळपास २० वर्षं चाललं आणि २०२४ मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये आलं. शेवटपर्यंत अडून बसलेल्या गोष्टींमध्ये एक होती हीच, साधी ओळ छापणारी प्रिंटके!

तेव्हा मित्रा, लॉकिंग तपास आणि काय सापडलं ते कळव. पुढच्या भागात भेटूच!