चुकांवर पोसलेला विषाणू

सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या लेनाकापाविरला जून २०२५मध्ये अमेरिकेत एचआयव्ही-प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली आणि ‘एड्सवर लस आली का हो?’ अशी विचारणा सुरू झाली. नाही आली. हे औषध आहे. रक्तात पुरेसं असेल तोवरच त्याचा पहारा.

लस का जमत नाही? एचआयव्हीचा सगळा मजकूर जेमतेम ९,७०० अक्षरांचा, आरएनएत लिहिलेला. पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर तो डीएनएत उतरवतं. माशीला माशी मारणारा कारकून परवडला. हा गडी भराभर खरडतो आणि लिहिलेलं पुन्हा वाचत नाही. साधारण तीन प्रतींमागे एक चूक. उपचार नसलेल्या रुग्णात रोज हजार कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात, म्हणजे एका अक्षराची जवळजवळ प्रत्येक शक्य चूक रोज कुठेतरी होऊन जाते. बऱ्याच प्रती त्यात बाद होतात, पण एखादीचं बाह्य आवरण असं बदलतं की कालची प्रतिपिंडं तिला ओळखतच नाहीत. शिवाय त्या आवरणावर आपल्याच पेशींनी चढवलेल्या शर्करांचा थर!

आरएनएवरून डीएनए बनतो, हे हॉवर्ड टेमिन १९६४पासून सांगत होते. फार थोड्यांनी मनावर घेतलं. १९७०मध्ये त्यांना आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांना हे विकर सापडलं, १९७५मध्ये नोबेल मिळालं. टेमिन यांच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष प्रयोग करणारे सातोशी मिझुतानी मात्र शोधनिबंधावरच राहिले. पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव क्वचितच दिसतं. मला हे खटकतं. एचआयव्ही सापडला १९८३मध्ये, तेव्हा मारा कुठे करायचा हे आधीच ठाऊक होतं, ते या मंडळींमुळे.

१९८७मध्ये आलेलं एझेडटी हे औषध याच विकराला अडवतं. दोनच वर्षांत त्याला न जुमानणारे विषाणू नोंदले गेले. लॅमिव्हुडिनचं तर विकरातलं १८४व्या जागेचं एक अमिनो आम्ल बदललं की संपलं. एकट्याने दिलं तर काही आठवड्यांत हे होतं. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र देऊ लागले आणि गणित फिरलं. तिन्हींना पुरून उरणाऱ्या चुका एकाच प्रतीत जुळणं फार दुर्मीळ. तरीही काही टी-पेशींच्या गुणसूत्रांत विषाणूचा डीएनए निपचित पडून राहतो. तो काही करतच नाही, तर औषध अडवणार काय? म्हणून गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू परततो.

लेनाकापाविर विषाणूच्या आतल्या कवचाला धरतं, पण तिथेही एखादा बदल त्याला निष्प्रभ करू शकतो. म्हणूनच प्रत्येक इंजेक्शनआधी एचआयव्हीची चाचणी हवी. पुढचा डोस चुकला तर औषध महिनोन्‌महिने रक्तात विरळ होत राहतं, आणि नेमका त्याच काळात संसर्ग झाला, तर विषाणूची गाठ पडते ती एकाच, तेही दुबळ्या औषधाशी.