नाकाच्या वाटेने मेंदूच्या तळापर्यंत

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या उन्हाळ्यात पोराचा घोळणा फुटला की घरात फारशी धावपळ होत नाही. डोक्यावर गार पाणी, नाकाशी कांदा आणि थोडा वेळ सावली. कोरडी हवा, सर्दी, नाकात बोट घालण्याची सवय, कारणेही बहुधा साधीच असतात. पण दहा ते वीस वर्षांच्या मुलाचे नाक एकाच बाजूने बंद राहत असेल आणि त्याच बाजूने पुन्हापुन्हा रक्त येत असेल, तर उन्हाला दोष देऊन थांबू नये. नाकाच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली अँजिओफायब्रोमा नावाची गाठ नेमकी याच वयात, आणि जवळपास फक्त मुलग्यांनाच होते. ती कर्करोगाची नसते, पण हाड झिजवत डोळ्याकडे आणि कवटीच्या तळाकडे सरकते.

नाकाचे छत हीच मेंदूची जमीन. पुढच्या बाजूला वासाच्या तंतूंसाठी छिद्रे असलेले पातळ हाड, मागे स्फेनॉइड ही हाडातली पोकळी, तिच्या वर पियुषिका ग्रंथी. दोन्ही अंगांना मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिण्या आणि दृष्टीच्या नसा. इथल्या गाठीपर्यंत पोचायला पूर्वी चेहऱ्यावर चीर द्यावी लागे किंवा कवटी उघडून मेंदू बाजूला सारावा लागे.

नाकातून जाण्याचा विचार तसा जुना आहे. १९०७ साली हर्मन श्लोफर यांनी इन्सब्रुकला नाक बाजूला वळवून पियुषिकेची गाठ काढली. १९१० मध्ये व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्श यांनी बाहेर चीर न देता नाकपुडीतूनच ती वाट धरली. पण आत उजेड पोचत नव्हता. हार्वे कुशिंग यांच्यासारख्या दिग्गजानेही पुढे ही वाट सोडून कवटीकडूनच जाणे पसंत केले. १९६० च्या दशकात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या भिंगांमुळे अवघ्या चार मिलिमीटर जाडीच्या नळीतून लख्ख चित्र दिसू लागले. सायनससाठी ही दुर्बीण रुळली, आणि १९९७ मध्ये पिट्सबर्गचे शल्यवैद्य जो आणि कराऊ यांनी पियुषिकेच्या पन्नास रुग्णांवर केवळ दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला.

तरीही खरी अडचण गाठ काढण्यात नव्हती, ती नंतरचे भोक बुजवण्यात होती. मेंदूभोवतीचे पाणी नाकात झिरपत राहिले तर जंतू उलट वर चढतात आणि मेंदूज्वर होतो. मोठ्या शस्त्रक्रियांनंतर शंभरातल्या वीसहून अधिक रुग्णांना ही गळती होत असे. २००६ मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओचे हदाद आणि बासागास्तेगी यांची युक्ती पिट्सबर्गच्या शल्यवैद्यांसह प्रसिद्ध झाली. नाकाच्या मधल्या पडद्याचे अस्तर सोलायचे, पण त्याची रोहिणी मागे देठासारखी जोडलेली ठेवायची आणि तो जिवंत पदर भोकावर पसरायचा. गळती पाच टक्क्यांच्या आसपास आली.

या युक्तीमागचे तत्त्व मराठी मुलखाने फार पूर्वी जगाला दाखवले आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने नवे नाक घडवून दिले. कपाळाची कातडी नाकाच्या मापाने सोलून, भुवयांमधला देठ न तोडता, त्याने ती खाली वळवली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये याचे चित्रासह वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. आजही कवटीच्या तळाचे भोक फार मोठे असले, तर कपाळाच्या हाडावरचे आवरण देठासह आत वळवून लावतात. रक्तपुरवठा तुटला नाही तर ऊती जगते, हे त्या कारागिराला ठाऊक होते.

आज अशा शस्त्रक्रियेत नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि मेंदूशल्यविशारद एकत्र उभे राहतात. एकाने दुर्बीण धरायची, दुसऱ्याने काम करायचे, दोन्ही नाकपुड्यांतून चार हात. अँजिओफायब्रोमाच्या शस्त्रक्रियेआधी एक-दोन दिवस मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद केला जातो. गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असते, म्हणूनच अशा मुलाच्या नाकातून तपासणीसाठी तुकडा काढायची घाई करायची नसते, कारण रक्त थांबवणे कठीण होते. त्याआधी सीटी आणि एमआरआय हवेत. प्रत्येक गाठ दुर्बिणीने निघतेच असेही नाही. गाठ कातडीत, डोळ्याच्या खोबणीत किंवा फार कडेला पसरली असेल तर बाहेरून उघडावेच लागते. म्हणून वेळेला किंमत आहे.

इथेच पांढुर्णा-सौंसरचा प्रश्न येतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ पासून हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पण मोठ्या आजाराला माणसे आजही नागपूरच गाठतात. पांढुर्ण्याहून ते सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरहून त्याहून जवळ. सीमेपलीकडची महात्मा फुले आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आहे. मध्य प्रदेशचे आयुष्मान कार्ड मात्र देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालते, कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत. निघण्याआधी रुग्णालय आणि शस्त्रक्रिया दोन्ही योजनेत बसतात का, हे विचारून घ्यावे.

२०२१ च्या काळ्या बुरशीच्या साथीत नागपूर-विदर्भातल्या शल्यवैद्यांनी याच दुर्बिणींनी कित्येकांच्या सायनसमधली सडलेली ऊती काढली. कौशल्य शंभर किलोमीटरवर आहे, उशीर होतो तो अलीकडे. एकाच बाजूचे बंद नाक, रक्तमिश्रित स्राव, वास जाणे, एक डोळा पुढे येणे, कडेचे दिसेनासे होणे, पियुषिकेच्या गाठीमुळे मोठेपणी अंगठी आणि चप्पल अकारण घट्ट होऊ लागणे, यातले काहीही दोन-तीन आठवडे टिकले तर तपासणी हवीच. लाकडाच्या आणि चामड्याच्या धुळीत वर्षानुवर्षे राबणाऱ्यांना नाकाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, त्यांनी तर हयगय करूच नये. दुर्बिणीने नाक पाहायला काही मिनिटे पुरतात. नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी ही एक दुर्बीण आणि ती हाताळणारा तज्ज्ञ आठवड्यातून एकदा तरी असावा, ही मागणी लोकांनी धरून ठेवली पाहिजे. गाठ लहान असताना सापडली, तर पुढची सगळी विद्या तिच्या बाजूने नाही, रुग्णाच्या बाजूने उभी राहते.