पांडुरोग : काय खाल्ले आणि कशाबरोबर खाल्ले?

पांडुरोगी रुग्णास पालेभाज्या, नाचणी, खजूर वाढविण्याचा सल्ला आपण सारेच देतो. रुग्ण तो निष्ठेने पाळतो. तरीही हिमोग्लोबिन वाढत नाही, असा अनुभव वैद्यबंधूंना नवा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्ताल्पताग्रस्त आढळल्या. आहारात लोह असणे आणि ते शरीरात शोषले जाणे, या भिन्न गोष्टी आहेत.

वनस्पतिजन्य लोह बहुतांशी फेरिक स्वरूपात असते. ते फेरस स्वरूपात आल्यावरच लघ्वांत्राच्या आरंभीच्या पेशी ते आत घेतात. जठरातील आम्लता आणि 'क' जीवनसत्त्व या कार्यास साहाय्य करतात. याउलट धान्ये व कडधान्यांतील फायटेट आणि चहातील टॅनिन लोहास बांधून ठेवतात. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत. तिचा काळा रंग हा टॅनिन व लोह यांच्या संयोगाचाच परिणाम होय. लोखंडी विळीवर चिरलेला आवळा काळवंडतो, तोही यामुळेच.

आवळ्यात लोहास अनुकूल 'क' जीवनसत्त्व आणि प्रतिकूल टॅनिन दोन्ही नांदतात. म्हणून चरकसंहितेतील नवायस चूर्णात लोहासह त्रिफळा आहे, एवढ्यावरून त्रिफळा शोषण वाढवितेच असे म्हणणे घाईचे ठरेल. अशा योगाचे मूल्यमापन समग्रपणे आणि रक्ततपासणीच्या आधारेच व्हावे.

शोषणाचे नियंत्रण यकृतात निर्माण होणारे हेप्सिडिन करते. जीर्ण शोथात ते वाढते आणि लोहाचा मार्ग रोधला जातो. तेथे केवळ लोहाची मात्रा वाढवून भागत नाही. मूळ व्याधी शोधावी लागते. अतिरक्तस्राव व कृमी यांचाही विचार अगत्याचा आहे.

पथ्य मात्र सोपे आहे. जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर असावे. कडधान्यांना मोड आणावेत, पीठ आंबवावे. त्यामुळे फायटेट घटतात. लिंबू शिजलेल्या अन्नावर, वाढल्यानंतर पिळावे, कारण उष्णतेने 'क' जीवनसत्त्व नष्ट होते. लोहकल्प चहाबरोबर देऊ नयेत.

रुग्णपत्रिकेत 'आहार' या शीर्षकाखाली पदार्थांची नावे आपण लिहितोच. त्यापुढे 'कशाबरोबर व केव्हा' एवढे दोन प्रश्न जोडले, तर पुष्कळ रुग्णांच्या ताटात असलेले लोह त्यांच्या रक्तापर्यंत पोहोचेल.