इंजिनातून पडणारी बारीक धार

27 जुलै 2019. उल्हास नदीला पूर आला आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली. एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या; सुमारे 1,050 प्रवासी सुखरूप सुटले.

अशा बोटीच्या मागे लावलेलं इंजिन थंड राहतं ते नदीच्याच पाण्यावर. इंपेलर, म्हणजे रबरी पात्यांचं छोटं चक्र, ते पाणी वर खेचतं. इंजिनातून सतत बाहेर पडणारी धार ही त्याची खूण. धार मंदावली, की इंजिन लगेच बंद करून पाणी घेण्याची जाळी आधी तपासावी. तिथे प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असू शकते. पुराचा गाळ पाती झिजवतो, म्हणून काम संपल्यावर स्वच्छ पाण्याने इंजिन आतून धुणं आलंच. पाण्याशिवाय मात्र ते क्षणभरही चालवून पाहू नये. कोरडा इंपेलर बघता बघता जळतो.

बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा तेलाचं सील कापतो. गिअर ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी आत शिरलंच समजावं.

दोन इंजिनं असली, की एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर किनारा गाठता येतो. पण दोन्हींना पेट्रोल एकाच टाकीतून जात असेल, तर त्यात मिसळलेलं पाणी दोन्ही बंद पाडतं. फिल्टर वेगळे हवेतच, जमल्यास टाक्याही.