चिचुंद्रीच्या देहातील घड्याळ

सुरत शहराच्या पूर्व भागातील पर्वत पाटिया येथे सूर्य मावळला, की झाडावरची खार आपल्या घरट्यात शिरते आणि थोड्याच वेळाने भिंतीच्या कडेने चिचुंद्री सरपटू लागते. एकीचा दिवस संपतो तेथे दुसरीचा उजाडतो. हा पालट केवळ वागणुकीतला नव्हे. दिवसा वावरणाऱ्या आणि निशाचर प्राण्यांच्या रक्ताची ऊबही उलट क्रमाने चढत-उतरत असते.

उष्ण रक्ताच्या प्राण्याचे तपमान सदैव एकच असते, हा समज तंतोतंत खरा नाही. माणसाचेही तपमान पहाटे सर्वांत कमी व सायंकाळी अधिक असते. निशाचर उंदराचे रात्री सुमारे ३८ अंश सेल्सिअस, तर दिवसा बिळात ३७ च्या आसपास. रात्री धावपळ करतो म्हणून तो तापतो, असे सहज वाटेल. परंतु तो स्वस्थ पडून असला तरी हा चढउतार थांबत नाही, आणि अखंड अंधारातही जवळजवळ चोवीस तासांच्या अंतराने चालू राहतो. त्याचे सूत्र मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या संगमावर, पेशींच्या दोन चिमुकल्या पुंजक्यांत आहे. १९७२ साली अमेरिकेत पांढऱ्या उंदरांचे हे पुंजके नष्ट करताच त्यांच्या हालचालींचा व पाणी पिण्याचा दैनिक ताल मोडला.

लहान जिवाला ऊब फार महाग पडते. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा विस्तार मोठा. त्यामुळे उष्णता झरझर निघून जाते आणि अन्नाचा साठा मात्र अल्प. भारतातही आढळणारी, दक्षिण युरोपात सुप्रसिद्ध असलेली चिमुकली चिचुंद्री अवघी दोन ग्रॅम वजनाची असते. तिचे हृदय मिनिटाला हजाराहून अधिक ठोके देते. थंडी आणि उपासमार एकदम ओढवली, की ती काही तास गुंगीत पडते आणि तपमान सुमारे १२ अंशांपर्यंत उतरू देते. त्यानंतर अंगातली तपकिरी चरबी जाळून ती पुन्हा ऊबदार होते. सुरतेची घरगुती चिचुंद्री हिच्याहून कितीतरी मोठी, आणि तेथील हिवाळाही सौम्य. इतकी टोकाची काटकसर तिला क्वचितच करावी लागत असेल.

मात्र हे घड्याळ चोवीस तासांना अचूक जुळलेले नसते; ते रोज उजेडाने लावावे लागते. निशाचराला रात्रीच्या प्रारंभी उजेड मिळाला तर ते मागे पडते, पहाटेपूर्वी मिळाला तर पुढे धावते. रात्रभर विजेचे दिवे जळणाऱ्या वस्तीत हा झोत बिळाच्या तोंडाशी पडला, तर किडे शोधण्याची वेळ आणि ऊब चढण्याची वेळ यांची फारकत होऊ शकते. खारीला मात्र ही अडचण फारशी नाही. त्या वेळी ती घरट्यात निजलेली असते.